दोन ठोक्यांमधील विसावा

जिन्याच्या दहा पायऱ्या चढताच छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटावे आणि क्षणभर थांबताच ती कळ ओसरावी, असा अनुभव कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांना येतो. यालाच हृदयशूळ म्हणतात. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी त्याच्या स्नायूला प्राणवायू अपुरा पडतो. औषधे, धमनीत बसविण्याची जाळी म्हणजे स्टेंट आणि बायपास शस्त्रक्रिया हे यावरील प्रमुख उपाय होत. परंतु एवढे करूनही ज्यांची कळ थांबत नाही, अथवा ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्यांनी काय करावे?

अशांसाठी ‘ईईसीपी’ नावाचा एक उपचार आहे. त्यात शरीरावर शस्त्र चालविण्यात येत नाही. त्यामागील तत्त्व मोठे मनोरंजक आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हा सर्व शरीराला रक्त मिळते. मात्र हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला मुख्यतः रक्त मिळते ते दोन ठोक्यांमधील विसाव्यात. रुग्णाला पलंगावर निजवून त्याच्या पोटऱ्या, मांड्या व नितंब यांभोवती रुंद पट्टे बांधतात. हृदयाच्या विद्युत्-आलेखावरून यंत्राला विसाव्याचा क्षण कळतो. त्याच क्षणी पट्टे पोटऱ्यांपासून वर क्रमाक्रमाने फुगतात आणि धमन्यांतील रक्त हृदयाकडे लोटले जाते. पुढील ठोक्यापूर्वी सर्व पट्टे एकदम सैल पडतात. त्यामुळे हृदयाचे श्रम हलके होतात. रोज एक तास, आठवड्यातून ५ दिवस, असे ७ आठवड्यांत ३५ तास हा उपचार चालतो.

अमेरिकेत १३९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायाम करताना हृदयाला रक्त अपुरे पडल्याची खूण उपचारानंतर उशिरा दिसू लागली; ज्यांनी उपचार पुरा केला त्यांचे शूळाचे झटकेही कमी झाले. मात्र व्यायामाचा एकूण काळ नुसते नावापुरते पट्टे बांधलेल्यांतही वाढला होता, हे विसरता कामा नये.

उपचार संपल्यावरही गुण का टिकावा? रक्तवाहिनीचे नाजूक अस्तर याचे एक कारण असावे, असे संशोधक मानतात. वेगाने वाहणारे रक्त या अस्तराला घासून गेले की त्यातून नायट्रिक ऑक्साइड वायू स्रवतो व वाहिनी सैलावते. या वायूचे कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो व मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि, या यंत्राने धमनीतील अडथळे विरघळतात असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. महाधमनीची झडप गळत असल्यास, महाधमनी फुगली असल्यास किंवा पायांच्या शिरांत गुठळी असल्यास हा उपचार घातक ठरू शकतो. म्हणून हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून तो घेऊ नये. विश्रांती घेऊनही कळ न थांबल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

रक्तवाहिन्यांचे अस्तर निकोप राखण्याचे काम मात्र यंत्रावाचूनही होते. तंबाखू व धूम्रपान वर्ज्य करणे, रक्तदाब आणि मधुमेह काबूत ठेवणे, वैद्याच्या अनुमतीने रोज भरभर चालणे: चालताना रक्ताचा तोच वेगवान प्रवाह अस्तराला लाभतो. घरातील सर्वांनी मिळून ही सवय लावून घेतली, तर वडीलधाऱ्यांच्या सोबतीने तरुणांचेही हृदय सांभाळले जाईल.