मेजावरील रेघा

प्रागमधील ‘ऊ फ्लेकू’ या मद्यशाळेत १४९९ पासून बिअर तयार होते आणि तेथेच प्यायली जाते. तिथली काळसर बिअर १३ अंशी म्हणून प्रसिद्ध आहे. हे अंश मद्यार्काचे नव्हेत. आंबण्यापूर्वी रसात विरघळलेल्या, मुख्यतः शर्करायुक्त घटकांचे आहेत. मद्यार्क सुमारे ५ टक्केच.

तेथून आम्ही प्लझेनला गेलो. १८३८ साली तेथे नासलेल्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. मग नागरिकांनी स्वतःचाच कारखाना उभारला. बव्हेरियाहून आलेल्या योसेफ ग्रोलने १८४२ मध्ये मृदू पाणी, फिकट माल्ट आणि झातेत्सचे हॉप्स यांपासून सोनेरी बिअर सिद्ध केली. पाश्चरचे किण्वनावरील संशोधन त्यानंतरचे, हे आपल्या व्यवसायबंधूंनी ध्यानात घ्यावे! तळघरातील ओकच्या पिंपांतून न गाळलेली बिअर पाहुण्यांना आजही मिळते.

सायंकाळी गावातल्या एका जुन्या मद्यशाळेत बसलो असता माझे लक्ष मेजावरील चिठ्ठीकडे गेले. दर पेल्यागणिक वाढपी तिच्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. यकृतविकाराच्या रुग्णाला किती पिता विचारावे, तर ‘कधीतरी, थोडीशी’ एवढेच उत्तर मिळते. येथे मात्र लेखी पुरावा! अर्धा लिटर, ४.४ टक्के, म्हणजे एका रेघेला सुमारे १७ ग्रॅम मद्यार्क. शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या सात रेघा झाल्या होत्या. गुणाकार मी मनातच केला. ते ट्रामने घरी गेले. चालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा या देशात शून्य आहे. दुसऱ्या रेघेनंतर मी पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवली. ‘आता पुरे’ हे सांगण्याची तिथली हीच रीत.