खाऱ्या वाऱ्यातली येझडी

वसईजवळच्या भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूची दाट रांग आहे. वारा तिच्यातून येतो म्हणून थोडा मवाळ होतो, पण त्यातलं मीठ काही सुरूच्या पानांना अडत नाही. खिडकीचे गज, कुंपणाची तार, विहिरीवरच्या पंपाचे नट, सायकलची साखळी, सगळ्यांवर ते येऊन बसतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, लोखंडावर पाण्याचा पातळ थर धरून ठेवतं आणि त्या खारट ओलीत गंज नुसत्या दमट हवेपेक्षा कितीतरी वेगाने चढतो. अशा गावात राहून मला जुन्या मोटारसायकलींचा नाद लागला.

या नादातून माझं एक मत बनलंय आणि पडवीत येणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकवतो. जुन्या गाडीचं खरं जतन म्हणजे ती चालती ठेवणं. रंगाची, क्रोमची झळाळी वाईट नाही. पण तिच्या मागे लागून लोक गाडीतला मूळ माल भंगारात घालतात, वरून हजारो रुपये ओततात, आणि मग एवढी देखणी झालेली गाडी बाहेर काढायचा धीर होत नाही. उभ्या गाडीला आमच्याकडचा एक पावसाळा पुरतो.

म्हैसूरची गाडी, मुंबईचे इराणी

माझी येझडी 1978 ची आहे. वाडीतली भाजी आणि फुलं वसई स्टेशनला पोचवायला वडिलांनी ती सेकंडहँड घेतली. मागे दोन्ही बाजूंना करंड्या बांधलेल्या, आणि पहाटेच्या लोकलने माल दादरला रवाना. आमच्या पट्ट्यात तेव्हा जावा, येझडी आणि राजदूत या कामाच्याच गाड्या होत्या. हौस म्हणून कोणी त्या पाळत नव्हतं.

जावा ही मूळ प्रागची कंपनी, 1929 सालची. मुंबईच्या रुस्तम आणि फारोख इराणी यांनी तिच्याकडून परवाना घेऊन म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. 1973 पासून टाकीवर जावाऐवजी येझडी हे नाव आलं. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा आणि जानेवारी 2022 मध्ये येझडी ही नावं क्लासिक लेजंड्स या कंपनीने पुन्हा रस्त्यावर आणली. त्या कंपनीत महिंद्रांबरोबर आहेत रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी. आम्ही वसई-विरारवाले त्यांना वेगळ्याच कारणाने ओळखतो: विरार पश्चिमेची ग्लोबल सिटी उभारणाऱ्या रुस्तमजी समूहाचे ते प्रमुख.

या गाडीचं इंजिन साधं आहे: एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, 65 मिलिमीटर बोअर, 75 मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे अडीचशे सीसीच्या आसपास. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढे करून गिअर टाकायचा. दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो. नव्या मुलांना हे कळेपर्यंत ती भर चौकात गिअर शोधत बसतात.

नव्याने नाद लागलेल्याने मात्र येझडीच घ्यावी असा माझा आग्रह नाही. मद्रासला 1955 पासून तयार होणाऱ्या बुलेटचे सुटे भाग आजही सर्वांत सहज मिळतात. एस्कॉर्ट्सची राजदूत 175 ही पोलंडच्या गाडीवरून बेतलेली. दणकट आणि समजायला सोपी. यामाहाची आरएक्स 100 भारतात 1985 ते 1996 एवढीच निघाली. तिच्या आवाजावर आणि उडी मारण्यावर एक अख्खी पिढी फिदा असल्यामुळे तिचे भाव आता हौसेच्या पलीकडे गेलेत, आणि त्याबरोबर जोडाजोड केलेल्या गाड्यांचा सुळसुळाटही झालाय. राजदूत 350 ला मी सलामच करतो. दोन सिलिंडरचं ते यंत्र नवशिक्याच्या हातात खिसा रिकामा करतं.

आधी कागद, मग पाना

गाडी बघायला जाताना मी पाना नेत नाही. पेन्सिल आणि पातळ कागद नेतो. चेसिसवरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने साफ करायचा, त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासायची आणि उमटलेले आकडे आर.सी. बुकाशी ताडून बघायचे. इंजिनवरच्या नंबरचंही तेच. आकडे एका ओळीत, एका खोलीचे हवेत. मधला एखादा आकडा वेगळ्या वळणाचा दिसला किंवा आजूबाजूचा पत्रा घासलेला वाटला, की चहा पिऊन घरी यायचं. गाडी कितीही स्वस्तात मिळत असो.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पर्यावरण कर लागतो, विमा आणि पीयूसी लागतात. मालकी बदलायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, आर.सी. हरवली असेल तर 26 नंबरचा. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरपाटी सक्तीची आहे, आणि ती मागवायची तर गाडीची नोंद संगणकात असावी लागते. आमच्याकडच्या जुन्या गाड्या ठाण्यात नोंदवलेल्या. वसईचा एमएच 48 हा क्रमांक फार नंतरचा. त्यामुळे जुन्या रजिस्टरातली नोंद संगणकावर चढवून घेणं हे कित्येकदा इंजिन खोलण्यापेक्षा चिकाटीचं काम ठरतं.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. अशा गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आहे आणि ती दहा वर्षं चालते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्याचसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोज बाजारहाटाला नाही. आणि मुख्य अट अशी, की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. म्हणजे मूळ माल जपणाऱ्याच्या बाजूने आता कायदाही उभा आहे. माझी गाडी पन्नाशीला पोचली तरी तिला व्हिंटेज करायचा माझा विचार नाही. मला ती गिरीज, निर्मळपर्यंत कधीही काढता यायला हवी.

इंजिनाचा श्वास

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, हवा आणि तेलाचं मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँकच्या खोलीत ओढलं जातं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. म्हणून ही खोली हवाबंद असावी लागते. क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबरी ऑइल सील असतात ते यासाठी. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत हे रबर कडक होऊन चिरतं. डायनॅमोकडचं सील गेलं तर तिथून फुकटची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन पकडतो. क्लचकडचं गेलं तर गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. पुष्कळ लोक हा धूर बघून बोअर-पिस्टन बदलतात, आणि नव्या पिस्टनचाही धूर निघतो तेव्हा नशिबाला दोष देतात. मूळ दोष शेदोनशे रुपयांच्या रबरात असतो.

जाम झालेलं इंजिन किक मारून किंवा हातोड्याने सोडवायचं नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल ओतायचं आणि आपल्या कामाला लागायचं. चार दिवसांनी पुन्हा ओतायचं. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने किंचित पुढेमागे हलवायचं. एकदा केसभर हललं की बाकीचं सुटतं. घाई केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन सुटलं की पुढची कामं घरात होण्यासारखी आहेत. पॉइंटची फट 0.4 मिलिमीटरच्या आसपास ठेवायची, वायरिंगचे अर्थिंग घासून साफ करायचे, कार्बोरेटरचे जेट तांब्याच्या वायरच्या एका तारेने मोकळे करायचे. टाचणी घातली तर भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पीत सुटते. बोअर मारणं, क्रँकमध्ये नवा रॉड बसवणं ही लेथ आणि प्रेसची कामं. त्यासाठी मी वसई पूर्वेला गोखिवरे, वालीवकडे जातो. तिथल्या औद्योगिक गाळ्यांत हात बसलेले कारागीर आहेत. माझा लेथवाला सिलिंडर हातात घेऊन नख फिरवतो आणि म्हणतो, “दादा, अजून एक पिस्टन निघेल यात, नवीन ब्लॉक घेऊ नका.” असा माणूस जपावा.

टबातला गंज

गंज काढायला मी वीज वापरतो. प्लॅस्टिकचा टब अंगणात, सावलीत ठेवायचा. पाण्यात धुण्याचा सोडा मिसळायचा, चार लिटरला एक मोठा चमचा. गंजलेला भाग, समजा साखळीचं कव्हर, पाण्यात टांगायचं आणि त्याला बॅटरी चार्जरची ऋण वायर लावायची. धन वायरीला लोखंडाचा टाकाऊ पत्रा. हे दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. चार्जर सुरू केला की कव्हराभोवती बारीक बुडबुडे येतात, पाणी गढूळ होतं आणि तांबडा फेस वर येतो. रात्रभरात तांबडा गंज काळा, मऊ होतो आणि ब्रशने धुऊन निघतो. खालचं चांगलं लोखंड घासलं जात नाही, हा यातला खरा फायदा. सँडब्लास्टिंगने पातळ पत्र्याला भोकं पडतात, ती इथे पडत नाहीत.

यात चार पथ्यं आहेत. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, तेव्हा काम उघड्यावर करायचं आणि जवळ काडी ओढायची नाही. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचे भाग टबात घालायचे नाहीत, सोडा त्यांना खातो. आणि बाहेर काढलेला भाग लगेच पुसून, उन्हात वाळवून त्याला तेल किंवा प्रायमर लावायचा. आमच्या हवेत नुसता ठेवला तर दुपारच्या जेवणापर्यंत पुन्हा पिवळा पडतो.

क्रोमसाठी याहून स्वस्त इलाज आहे. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा चोळामोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे उठत नाहीत, गंजाचे ठिपके मात्र निघतात. नवं प्लेटिंग करायचं तर आधी बफिंग होतं, आणि त्यात जुन्या भागांवरची उठावाची अक्षरं, कोपरे झिजून जातात. जुन्या येझडीच्या टाकीच्या क्रोमवर थोडे ठिपके राहिले तर राहू द्यावेत. रंगाचंही तसंच. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसं असू शकतं. पाणी लावून पॉलिश पेपर मारावा. ड्रम ब्रेकमधली जुनी भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून फडकं फेकून द्यावं.

पेट्रोल आणि पावसाळा

जुन्या गाड्यांना सध्या नवी डोकेदुखी आहे ती पेट्रोलची. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकी बरेच दिवस तशीच भरून ठेवली तर ते पाणी तळाशी जमतं आणि टाकी आतून गंजते. जुनी रबरी नळी फुगते, पेट्रोल कॉकमधलं बूच खराब होतं. कंपन्यांनी या गाड्या बनवल्या तेव्हा असं इंधन त्यांच्या हिशेबात नव्हतं. म्हणून मी टाकीत आठवड्याला पुरेल एवढंच पेट्रोल ठेवतो आणि तेल त्याच दिवशी मिसळतो, लिटरला 40 मिली. नळी आणि वायसर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत. किंमत थोडी जास्त पडते, पण कार्बोरेटर वाचतो.

सुटे भाग मुंबईत ग्रँट रोडला, पुण्यात नाना पेठेत, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात शोधावे लागतात. नवा बनवलेला भाग आणि जुना वापरलेला मूळ भाग समोर आला, तर मी जुना घेतो, निदान हातात धरून तुलना करतो. नव्याचं क्रोम चमकतं, पण भोकं जुळतीलच असं नाही.

जुलैचा दुसरा रविवार आंतरराष्ट्रीय जावा-येझडी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो नेमका भर पावसात येतो, आणि रंगवून-चमकवून ठेवलेल्या कित्येक गाड्या त्या दिवशी घरीच राहतात. शेजारचा मुलगा मला विचारतो, “काका, एवढ्या पावसात काढता, गंजेल ना?” गंजेल की. पण उभी राहिली तर जास्त गंजेल: सील सुकतील, पॉइंटवर बुरशी चढेल, पेट्रोल कुजेल. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची (उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, तेव्हा पिण्याच्या पाण्यातली एक बादली तिची), साखळीला तेल द्यायचं, प्लॅस्टिकऐवजी जुनी सुती चादर टाकायची, कारण प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. एवढं करायला अर्धा तास लागतो, आणि ज्याला तो अर्धा तास देता येत नसेल त्याने जुन्या गाडीच्या भानगडीत पडू नये. ज्याला येतो, त्याने कागद तपासून एखादी रंग उडालेली, पण किक मारल्यावर बोलणारी गाडी घ्यावी आणि रंगाचा विचार पुढच्या वर्षावर टाकावा.