टाचणवहीची मागची पाने

कुमारवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणाऱ्या शिक्षिकेला, मग ती संमेलनाच्या मांडवात भेटो की लग्नाच्या पंगतीत, एक प्रश्न हटकून विचारला जातो, तो असा की, शाळा सांभाळून एवढे लिहायला वेळ मिळतो तरी कुठून. आणि प्रश्न आपुलकीचा असल्यामुळे त्याचे उत्तर मोघम न देता हिशेबाने द्यावे, असे मला वाटते. तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी २१ वर्षे मराठी शिकवीत आहे. आठवड्याला ३० तासिका, आठवीची एक व नववीच्या दोन तुकड्या, सहामाही संपताच पुढ्यात येणारे १८० उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि वर्गशिक्षिका या नात्याने हजेरीपट, निकालपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज व वरून ऐनवेळी मागविली जाणारी माहिती, एवढे दप्तर निस्तरल्यावर माझ्या मालकीचा म्हणून जो काळ उरतो तो पहाटे पाच ते साडेसहा एवढाच. त्या दीड तासात एक पान होते, कधी अर्धेच. सुटी पानांची सांधेजोड करून त्यांचे पुस्तक करण्याचे काम मे महिन्याचे, आणि एका कादंबरीला असे तीन मे महिने लागतात.

टिपणे मात्र शाळेतच होतात. टाचणवहीच्या पुढच्या पानांवर घटक, उद्दिष्टे, साधने आणि मुख्याध्यापकांची सही असते. मागच्या पानांवर मी कानांवर पडलेले शब्द उतरवून ठेवते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची भाषा दर दोन-तीन वर्षांनी कूस बदलते, आणि ज्या लेखकाचा रोजचा दिवस त्यांच्यात जात नाही त्याला हा बदल आठवणीतल्या बालपणावर विसंबून कळत नाही. नोकरी मला जे देते ते हे, आणि त्यासाठी नोकरीने घेतलेले तास मी कधी तक्रारीच्या खाती मांडलेले नाहीत.

अडचण आहे ती निराळ्याच ठिकाणी. आदल्या दिवशी चाळीस वह्या तपासलेला हात पहाटे लिहायला बसला की तो पात्रांच्याही वह्या तपासू लागतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीतला नववीतला मुलगा घरी खोटे बोलून तालुक्याच्या जत्रेला जातो. पहिल्या खर्ड्यात तो परतीच्या एस. टी.तच पश्चात्तापाने व्याकूळ झाला होता आणि घरी पोहोचण्यापूर्वी सुधारलाही होता. मेमध्ये ती पाने पुन्हा वाचताना ध्यानी आले की, या पश्चात्तापाशी मुलाचा काडीमात्र संबंध नाही; फळ्यावर रोज सुविचार लिहिणाऱ्या बाईंना तो हवा होता, म्हणून तो झाला होता. अशी ११ पाने मी काढून टाकली. कुमारवयीन वाचक बोधाला विटलेला असतो असे म्हणतात, ते मला पुरते मान्य नाही. तो विटतो तो आयत्या बोधाला, ज्याच्यासाठी कथेतल्या कोणालाही काहीच सोसावे लागलेले नसते.

या संदर्भात मला नेहमी साने गुरुजी आठवतात. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले, पुढे छात्रालयाचा भार त्यांच्याकडे आला आणि तेथील मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' स्वहस्ते लिहून काढू लागले. १९३० मध्ये शाळा सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले, आणि 'श्यामची आई' लिहिली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. या पाच दिवसांचे नवल सर्वांना वाटते. मला त्यांच्या पाठीशी अमळनेरची सहा वर्षे उभी दिसतात. पुस्तकाची घडणच पाहावी: ४२ रात्री, सांगणारा श्याम, भोवती बसलेले ऐकणारे, आणि रात्र झाली म्हणून थांबलेली गोष्ट. समोरच्या मुलाचे डोळे केव्हा जड होतात हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्याच्याच हातून अशी घडण उतरते. शिरोड्याला १९२० ते १९३८ एवढा काळ शाळेत काढून त्यातच कादंबऱ्या लिहिणारे खांडेकर हेही याच कुळातले.

माझ्याजवळ छात्रालय नाही. बदली तास आहेत. सहकारी रजेवर असला की आठवी 'ब'वर मला पाठवितात, आणि तेव्हा मी हस्तलिखितातले एक प्रकरण वाचते. पुढच्या बाकांच्या शांततेवर मी विसंबत नाही, कारण ती शिस्तीची असते. माझे कान शेवटच्या बाकांकडे असतात. तेथे बाकाखालच्या लोखंडी दांडीवर बूट घासल्याचा करकर आवाज अखंड चालू असतो. गोष्ट पकड घेऊ लागली की आधी बाटल्यांची झाकणे थांबतात, मग कुजबुज, आणि सर्वांत शेवटी तो दांडीचा आवाज. तो पुन्हा जेथे सुरू होतो, त्या ओळीशी मी पेन्सिलीने फुली करते.

एकदा दोन मैत्रिणींच्या भांडणाचा प्रसंग वाचीत होते. "तू माझा विश्वासघात केलास," असे त्यांतली एक म्हणते, आणि पुढे अर्धे पान दोघींचा संवाद. दांडी वाजू लागलीच होती, तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, असं कुणी नाही म्हणत. आम्ही फक्त बाक बदलतो." छापील पुस्तकात त्या अर्ध्या पानाच्या जागी एकच वाक्य आहे: दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या बाकावर जाऊन बसली.

मुले अशी हात देतात म्हणूनच त्यांच्याकडून काय घ्यावे याचा निर्बंध लेखकाने स्वतःवर घालून घेतला पाहिजे. गेल्या सहामाहीत 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात सर्वांनी नेहमीप्रमाणे मोर नाचविले होते, धरणीला हिरवा शालू नेसविला होता. एका मुलाने मात्र लिहिले होते की, रात्री पाऊस लागला की आई घरभर भांडी मांडते आणि मग सकाळी चहाला पातेले नसते. सव्वाशेव्या उत्तरपत्रिकेच्या शिणात मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून 'विषयांतर' असा शेरा मारला आणि एक गुण कापला. रात्री भांडी आवरताना ते वाक्य आठवले आणि मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी शेरा खोडला, गुण दिला आणि वर्गानंतर त्या मुलाची क्षमा मागितली.

ते वाक्य मला माझ्या कादंबरीसाठी फार हवे होते. नाव बदलून, गाव बदलून ते सहज बसले असते. परंतु वर्गात ज्याच्यावर माझी सत्ता चालते, त्याच्या घरातले गळते छप्पर त्याला न विचारता उचलणे मला अपहार वाटतो, आणि विचारले तरी चौदा वर्षांचा विद्यार्थी आपल्या बाईंना नाही कसे म्हणणार? तो निबंध शाळेच्या हस्तलिखित वार्षिकात त्याच्याच नावाने आला. माझ्या कादंबरीतले पावसाचे प्रकरण अजून लिहून झालेले नाही.