ट्रकच्या पाठीवर हवेचे छप्पर

आपल्या मंडळींचा अमेरिकेतला वाहनप्रवास बहुधा ठरलेला असतो. आधी जुनी कोरोला, मग कॅम्री किंवा अकॉर्ड, मुले झाली की मिनीव्हॅन. पिकअप ट्रक म्हणजे सुताराचे नाहीतर शेतकऱ्याचे वाहन, असा आपला समज. पण पुढची पिढी बिनदिक्कत पिकअप घेते, आणि गणपती जवळ आले की मखर, सतरंज्या व मोठाली पातेली हॉलवर न्यायला मंडळालाही त्याच ट्रकवाल्याची आठवण होते! अडचण एवढीच की हौदा उघडा असतो. वाटेत पाऊस आला की मखराचा लगदा.

यावर जुना उपाय म्हणजे फायबरग्लास किंवा अॅल्युमिनियमचे कायमचे छप्पर, म्हणजे टॉपर. ते भक्कम असते, त्याला कुलूप लागते. पण फायबरग्लासचा टॉपर दीडशे-दोनशे पौंड किंवा त्याहूनही जड. तो काढायला दोघे-तिघे हवेत, आणि काढल्यावर ठेवायचा कुठे? गेल्या काही वर्षांत हवा भरून उभा करायचा टॉपर मिळू लागला आहे. वजन सुमारे चाळीस पौंड, काम झाले की हवा सोडून गुंडाळायचा आणि कपाटात टाकायचा.

माझ्या भाच्याला शिकागोहून डेन्व्हरला नोकरीसाठी जायचे होते. सगळा संसार ट्रकमध्ये, आणि वाटेत एक-दोन रात्री कॅम्पग्राउंडवर हौद्यातच झोपायचा बेत. हवेच्या टॉपरचे नाव काढताच ताईचा फोन आला, "अरे, तू इंजिनिअर ना? फुग्याखाली झोपवणार आहेस का पोराला?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही दोघांनी जरा हिशेब मांडला. तोच इथे देत आहे.

हा फुगा नव्हे. पॅडलबोर्डसाठी वापरतात ते ड्रॉप-स्टिच कापड यात असते. आपल्या गोधडीत टाके थरांना धरून ठेवतात ना, तसेच इथे वरच्या व खालच्या कापडाला हजारो उभे धागे धरून ठेवतात. फक्त टाका भिंतीच्या जाडीइतका लांब. हवा भरली की धागे ताणले जातात, आणि भिंत गोल न फुगता सपाट व ताठ राहते. दाब १० पीएसआय धरला तर एका चौरस फुटावर १,४४० पौंड जोर येतो. तो सगळा हे धागे पेलतात. म्हणूनच दाब कमी झाला की छप्पर लुळे पडते, आणि फार वाढला तर शिवणींवर ताण येतो.

हवामान आणि उंची या दोन्हींनी दाब बदलतो. शिकागोत ७० अंश फॅरनहाइटला १० पीएसआय भरले आणि पारा २० अंशांवर उतरला, तर गेजवर सुमारे पावणेआठ दिसतील. हवा गळलेली नाही, थंडीने आकसली आहे. उलट डेन्व्हर मैलभर उंच. तिथे बाहेरच्या हवेचा दाब शिकागोपेक्षा सव्वादोन पीएसआयने कमी, म्हणून तापमान तेच असेल तर गेजवर सव्वाबारा. पुढे आयसेनहॉवर बोगद्यापाशी, अकरा हजार फुटांवर, साडेचौदाच्या आसपास! तेव्हा घाटमाथ्याकडे निघताना गेज लावून थोडी हवा सोडायची, उतरल्यावर पुन्हा भरायची. कमाल दाब किती, ते उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे. तोच आकडा प्रमाण.

खरेदीआधी मोजमाप. "एफ-१५० आहे" एवढे सांगून भागत नाही, कारण त्याच ट्रकचा हौदा साडेपाच, साडेसहा किंवा आठ फुटी असतो. मागचा फाळका बंद करून, पुढच्या भिंतीपासून फाळक्यापर्यंत आतून मोजा, आणि रुंदीही मोजा. मग कठड्याखाली हात घालून पाहा. क्लॅम्प धरायला मोकळी कड हवी. वरून बसवलेला प्लॅस्टिकचा लायनर कठड्यावर आला असेल तर क्लॅम्प घसरतो. फवारलेल्या लायनरची अडचण नसते. आधीचे घडीचे झाकण असेल तर त्याच्या पट्ट्या काढाव्या लागतील.

बसवताना कठडा धुऊन कोरडा करा. वाळूचा कण अडकला की रंगही जातो आणि फटही राहते. टॉपर हौद्यावर पसरून निम्म्याच दाबापर्यंत हवा भरा, चारही कोपरे जुळवा, क्लॅम्प समोरासमोर थोडे थोडे आवळा, आणि मगच पूर्ण दाब द्या. आधीच ताठ केला तर जागेवर सरकवताना घाम फुटतो. नंतर हौद्यात जुनी वर्तमानपत्रे पसरून होजने दहा मिनिटे पाणी मारा. कागद कुठे भिजला ते पाहिले की फट सापडते. बहुधा ती फाळक्याच्या कोपऱ्यात असते, आणि तिथे फोमची पट्टी लावली की काम होते. पहिल्या वीस मैलांनंतर थांबून क्लॅम्प पुन्हा तपासावेत.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. १९९४ च्या मॉडेलपासून पिकअपला केबिनच्या मागे उंचावर तिसरा ब्रेकचा दिवा सक्तीचा आहे. टॉपरने तो झाकला जातो का, ते घरच्या कोणाला तरी मागे उभे करून पाहा. झाकला जात असेल तर जादा दिव्याची सोय करा.

आता ताईच्या प्रश्नाचे उत्तर. छप्पर झोपणाऱ्यावर कोसळण्याची भीती नाही, कारण चाळीस पौंडांचे ते मऊ कापड आहे. खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून आत कोणी झोपले असताना इंजिन चालू ठेवायचे नाही, शेगडी किंवा गॅसचा हीटर आत पेटवायचा नाही, आणि जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवायची. बॅटरीवरचा अलार्म डोक्याशी असावा. तो आम्ही सगळ्यात आधी विकत घेतला, टॉपर नंतर. ट्रक चालू असताना मागे कोणीही बसायचे नाही, मुले तर नाहीच. सामान हौद्याच्या कड्यांना पट्ट्यांनी बांधायचे. टॉपर पाऊस अडवतो, करकचून ब्रेक लावल्यावर सुटलेली पेटी नाही. वर काही लादायचे नाही, आणि पासपोर्ट-लॅपटॉप आत ठेवायचे नाहीत. शेवटी ते कापड आहे, चोराला सुरी पुरते.

रोज हत्यारे न्यायची असतील, वर शिडी बांधायची असेल, तर सरळ पक्का टॉपर घ्यावा. वर्षातून चार-सहा वेळाच गरज असेल आणि अपार्टमेंटमध्ये राहत असाल, तर हवेचा बरा. हिवाळ्यात तो गुंडाळून ठेवण्यापूर्वी मात्र पूर्ण कोरडा करा. ओला ठेवलात तर वसंतात उघडताना बुरशीचा वास येईल, आणि त्या वासाचे मखर कोणाच्याही बाप्पाला चालणार नाही.