खाली बसवलेल्या जुन्या मोटारीची चाके : आकडे, कडा आणि काही दृढ गैरसमज

जुन्या मोटारीच्या मूळ स्प्रिंगऐवजी आखूड स्प्रिंग घालून तिची बॉडी जमिनीच्या जवळ आणली की मूळ चाके मडगार्डच्या कमानीत लहान दिसू लागतात, आणि मग रुंद अलॉय व पातळ टायर यांची निवड सुरू होते. ही निवड मात्र बहुधा व्यासाच्या एका आकड्यावर केली जाते आणि चाकाच्या दोन कडा नेमक्या कोठे येतील हा खरा निर्णायक प्रश्न बाजूला राहतो. या विषयातील बहुतेक गैरसमज याच दुर्लक्षातून निपजलेले आहेत. त्यांची छाननी करण्यासाठी मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू १२४ ही मालिका सोयीची आहे, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीत अवतरलेली ही गाडी १९९५ पासून पुण्यातही जुळवली जात होती आणि खाली बसवण्यासाठी शौकिनांनी निवडलेल्या जुन्या गाड्यांमध्ये तिचे स्थान जगभर पक्के आहे.

या मालिकेतील अनेक सेदान गाड्यांना १९५/६५ आर १५ या मापाचे टायर येत. यातील ‘आर’ म्हणजे त्रिज्या किंवा रिम, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात ते अक्षर रेडियल या बांधणीचे, म्हणजे टायरच्या आतील धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे गेल्याचे निदर्शक आहे. ६५ हे मिलिमीटर नसून टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगणारे प्रमाण आहे, त्यामुळे ही भिंत सुमारे १२७ मिलिमीटर उंच ठरते. १९५ ही रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदीही नव्हे, तर विहित रुंदीच्या रिमवर हवा भरल्यानंतर फुगलेल्या टायरची एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंतची रुंदी आहे, आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की ती साधारण ५ मिलिमीटरने वाढते.

मोठी रिम घातली की गाडी उंच होते, हा समज याच आकड्यांनी खोडता येतो. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात दोन्ही बाजूंच्या भिंती मिळवल्या की मूळ टायरचा एकूण व्यास ६३४.५ मिलिमीटर येतो. २२५/४५ आर १७ या टायरचे गणित मांडले तर उत्तर ६३४.३ येते, म्हणजे रिम दोन इंचांनी वाढूनही चाक जवळजवळ तेवढेच राहते आणि स्पीडोमीटरच्या आकड्यातही गणिताने फरक पडत नाही. फरक पडतो तो भिंतीच्या उंचीत : ती १०१ मिलिमीटरवर येते, आणि खड्ड्याचा आघात रिमपर्यंत पोहोचण्याआधी तो गिळणारे रबर व हवा तेवढ्याने कमी होतात. याउलट पातळ टायर गाडीला आणखी खाली आणतो, हाही समज तितकाच पोकळ आहे. २१५/४५ आर १७ चा व्यास मूळ चाकापेक्षा सुमारे ९ मिलिमीटरने कमी असला तरी चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत त्याचा निम्माच भाग येत असल्याने गाडी जेमतेम साडेचार मिलिमीटर उतरते. गाडी खाली बसते ती स्प्रिंगमुळे, टायरमुळे नव्हे.

‘पीसीडी जुळला की चाक बसते’ हे वाक्य दुकानांतून इतक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते की ते अर्धसत्य आहे हे लक्षातच येत नाही. पीसीडी म्हणजे बोल्टच्या केंद्रांतून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाचा व्यास. डब्ल्यू १२४ ला पाच बोल्ट आणि ११२ मिलिमीटरचा पीसीडी आहे, जो फोक्सवॅगन व आउडीच्या अनेक गाड्यांनाही आहे. परंतु त्यांच्यातील जुन्या गाड्यांच्या रिमचे मधले भोक ५७.१ मिलिमीटरचे असते, तर मर्सिडीजच्या हबचा उंचवटा सुमारे ६६.६ मिलिमीटरचा असल्याने ती रिम त्यावर चढतच नाही. उलट बाजारी अलॉयचे भोक बहुधा मोठे असते आणि मधली फट रिंग घालून भरावी लागते. ही रिंग गाडीचे वजन पेलते असे समजणे चूक आहे; भार पेलते ते बोल्टच्या आवळण्यातून रिम व हब यांच्यात निर्माण होणारे घर्षण, आणि रिंगचे काम बसवताना चाक मधोमध आणणे एवढेच. म्हणूनच बोल्टची बैठक महत्त्वाची ठरते : मर्सिडीजच्या मूळ बोल्टचे तोंड गोलाकार असते, बाजारी रिमची बैठक अनेकदा शंकूच्या आकाराची असते, आणि ही जोडी विजोड राहिली तर बोल्ट घट्ट वाटला तरी त्याचा स्पर्श एका बारीक कडेपुरताच उरतो.

खरा पेच ऑफसेटचा आहे. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला चिकटणारा पृष्ठभाग यांच्यातील अंतर म्हणजे ऑफसेट. जर्मन रिमांवर ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेले असते, आणि हा आकडा जितका लहान तितके चाक बाहेर येते. मात्र ऑफसेट कायम ठेवला तर रुंद रिम सुरक्षित बसते, हा समज फसवा आहे, कारण रुंदी वाढली की ती दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाढते. मूळ ६.५ इंच रुंद, ईटी ४८ ची रिम घेतली तर तिची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून सुमारे ३५ मिलिमीटर बाहेर आणि आतली कड १३१ मिलिमीटर आत असते. आता ८ इंच रुंद, ईटी ३४ ची रिम लावली तर बाहेरची कड ६८ वर आणि आतली १३६ वर जाते, म्हणजे आत ५ मिलिमीटर पण बाहेर तब्बल ३३ मिलिमीटरची भर पडते. ही रिम काल्पनिक नाही. याच मालिकेतील व्ही-८ इंजिनाच्या ५०० ई या गाडीला १६ इंच व्यासात ती कारखान्यातूनच येई, आणि त्या गाडीची मडगार्डे त्यासाठी मुद्दाम फुगवलेली होती. तीच रिम साध्या मडगार्डाच्या, शिवाय खाली बसवलेल्या गाडीला लावून ‘कंपनीचेच माप आहे’ असे म्हणणे म्हणजे थोरल्या भावाचा अंगरखा धाकट्याला घालून शिंप्याची साक्ष काढणे होय.

बाहेर येणाऱ्या टायरवर काढलेला लोकप्रिय उपाय म्हणजे रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवणे. त्यात टायरची भिंत तिरपी होऊन मडगार्ड चुकते खरे, पण प्रत्येक टायरमापासाठी रिमच्या रुंदीची मर्यादा ठरलेली असते. २२५/४५ आर १७ साठी ती ७ ते ८.५ इंच आहे, आणि तिच्यापलीकडे हवा थोडी कमी झाली तरी टायरची कड रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो. भारांकाकडेही अशा वेळी दुर्लक्ष होते. मूळ टायरचा ९१ हा भारांक प्रत्येकी ६१५ किलो पेलण्याची हमी देतो, तर २१५/४५ आर १७ च्या साध्या बांधणीचा भारांक ८७, म्हणजे ५४५ किलोच असतो. रिम मोठी म्हणून टायर भक्कम, असे समीकरण कोठेही नाही.

खाली बसवलेल्या गाडीचे टायर आतल्या कडेने झिजले की दोष टायरच्या कंपनीला दिला जातो. डब्ल्यू १२४ च्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांची रचना आहे, आणि गाडी जसजशी खाली येते तसतसे चाकाचे वरचे टोक आत झुकत जाते. हा कल म्हणजे ऋण कॅम्बर. त्याच्याबरोबर टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडला की चाक प्रत्येक मीटरला थोडे घासत चालते. स्प्रिंग बदलल्यावर अलाइनमेंट न करता चालवलेल्या गाडीत महागडा टायरही या झिजेतून सुटत नाही.

गाडी खाजगी आहे म्हणून चाकांबाबत काहीही करता येते, हा समज भारतात कायद्यालाही धरून नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तीच भूमिका ठामपणे मांडली. त्यामुळे उत्पादकाने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापांची यादी हाच निवडीचा पहिला आधार असायला हवा.

उभ्या गाडीत मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट शिरले म्हणजे जागा पुरेशी आहे, ही चाचणीही अपुरीच आहे, कारण चाक जागा मागते ते गाडी भरलेली असताना, स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना आणि पुढच्या बाबतीत स्टिअरिंग टोकापर्यंत वळलेले असताना. म्हणून जाणकार कारागीर गाडीची बॉडी भक्कम आधारावर ठेवून, स्प्रिंग काढून, चाक जॅकने थेट रबरी अडथळ्यापर्यंत उचलतात, पुढची चाके दोन्ही दिशांना पूर्ण फिरवतात आणि बाहेर मडगार्डची दुमडलेली कड, आत स्प्रिंग व दांड्या, अशा सर्व ठिकाणची फट मोजतात. नव्या रिमची मागणी त्यानंतर नोंदवली जाते.