परिसर, बोली आणि प्राथमिक शाळा

खेड्यातील अनुभवी शेतकऱ्यास त्याच्या रानाविषयी विचारले असता तो केवळ ‘जमीन’ असा शब्द वापरून थांबत नाही. हे रान काळे, ते मुरमाड, पलीकडचे बरड, ओढ्याकाठचे मळईचे, खालचे चोपण असे तो सांगतो. ह्यांतील प्रत्येक शब्द म्हणजे एक संक्षिप्त पाठच होय. काळे रान ओल धरते, म्हणून तेथे रब्बीची ज्वारी साधते; मुरमाड रानातून पाणी लवकर निथळते; चोपणात ते साचून राहते व अधिक पाणी दिल्यास रान बिघडते. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असा एकेका शब्दात साठविलेला असतो. तो शब्द मुलाच्या तोंडून नाहीसा झाला, की त्याबरोबर हा पाठही नाहीसा होतो. भाषा, शिक्षण व परिसर ह्यांचा हा संबंध अलीकडच्या काळात विद्वानांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. प्राथमिक शिक्षकाच्या नित्याच्या कामाशी त्याचा निकटचा संबंध असल्यामुळे त्याची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व विकास आयोगाच्या अहवालामुळे सर्वत्र रूढ झाला. पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या सामर्थ्यास बाध न आणता आजच्या पिढीने आपल्या गरजा भागविणे, असा त्याचा आशय आहे. बियाण्याची कणगी बाजूला ठेवून उरलेले धान्य खाणाऱ्या शेतकऱ्यास हा विचार नवा नाही. परंतु जमीन, पाणी व जंगल राखावयाचे तर त्यांचे ज्ञानही राखावे लागते, आणि हे ज्ञान पुष्कळ अंशी बोलीभाषांतच असते. ही गोष्ट मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिली होती.

ह्या बाबतीत दोन संशोधने ध्यानात घेण्यासारखी आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातील भाषांचे व वन्य जीवजातींचे नकाशे एकमेकांशी ताडून पाहण्यात आले. वनस्पती व प्राणी ह्यांच्या विविधतेने समृद्ध अशा निवडक प्रदेशांतच जगातील सुमारे ७० टक्के भाषा बोलल्या जातात, असे त्यात दिसून आले. आपला सह्याद्रीचा पट्टाही अशा प्रदेशांत मोडतो. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी घडली, असे अर्थात सिद्ध होत नाही. त्यामागची कारणे स्थलपरत्वे भिन्न असतात. तथापि एकीवर जे संकट येते ते दुसरीवरही येण्याचा संभव असतो, एवढे त्यावरून निश्चित समजते.

दुसरा अभ्यास २०२१ सालचा आहे. उत्तर अमेरिका, वायव्य ॲमेझॉनचे खोरे व न्यू गिनी ह्या तीन प्रदेशांतील २३६ भाषांमधून वनस्पतींच्या १२,४९५ औषधी उपयोगांची नोंद त्यात तपासण्यात आली. त्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक उपयोग केवळ एकाच भाषेच्या लोकांना ठाऊक होते. म्हणजे वनस्पती रानात तशीच उभी राहिली, तरी ती भाषा बोलणारी माणसे उरली नाहीत, तर तिचा उपयोग सांगणारे कोणी उरणार नाही.

महाराष्ट्रातही गोंडी, कोरकू, वारली, भिली इत्यादी अनेक भाषा बोलल्या जातात. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर बोलली जाणारी निहाली ही तर अशी भाषा आहे, की तिचा अन्य कोणत्याही भाषाकुलाशी संबंध निश्चितपणे जोडता आलेला नाही. आणि ती बोलणारे लोक काही हजारच आहेत.

भाषेत केवळ वस्तूंची नावे असतात असे नव्हे. समाजाचे नियमही त्यांत असतात. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरील फड पद्धती हे ह्याचे उत्तम उदाहरण आहे. बंधाऱ्याखालील जमीन काही फडांत विभागलेली असे व प्रत्येक फडात एका हंगामी सामान्यतः एकच पीक घेतले जाई. एका खातेदाराची जमीन निरनिराळ्या फडांत असे. त्यामुळे पाणी अपुरे पडून एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर ती झळ सर्वांनी वाटून घेतल्यासारखे होई. पाणी पाळीप्रमाणे देण्याचे काम पाटकऱ्याचे व पिके राखण्याचे काम जागल्याचे असे. पुढे विहिरी व मोठी धरणे झाल्यावर ही पद्धती अनेक ठिकाणी क्षीण झाली. ‘फड’, ‘पाळी’, ‘पाटकरी’ हे शब्द ज्या मुलास समजतात, त्यास पाणी ही सामाईक मालमत्ता आहे हे निराळे शिकवावे लागत नाही. ‘देवराई’ ह्या शब्दातही तेथील झाड तोडावयाचे नाही हा नियम सामावलेला आहे. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात देवरायांचा जो अभ्यास केला, त्यामुळे ह्या लोकनियमाचे शास्त्रीय महत्त्व पुढे आले.

शाळेचे स्थान येथेच आहे. कोकणातील मुलाने निबंधात ‘वहाळ’ लिहिले आणि शिक्षकाने त्यावर लाल रेघ मारून ‘ओढा’ लिहिले, तर मुलगा एक प्रमाण शब्द शिकतो हे खरे. परंतु घरची भाषा अशुद्ध आहे, आणि त्या भाषेत आजोबांनी सांगितलेले सर्व कमी प्रतीचे आहे, हेही तो त्याच वेळी शिकतो. हा दुसरा पाठ कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो, पण तो फार खोल रुजतो. मातृभाषा हेच शिक्षणाचे उत्तम माध्यम होय, असे मत युनेस्कोने १९५३ सालच्या अहवालात मांडले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा वा स्थानिक भाषा माध्यम असावी असे म्हटले आहे. प्रमाण मराठी मुलास अवश्य यावी. परंतु ती बोलीच्या जागी नव्हे, तर बोलीच्या जोडीला यावी.

ह्यासाठी शिक्षकाने मोठा खर्च वा निराळा तास ठेवण्याची आवश्यकता नाही. वर्गात ‘परिसर-शब्दांची वही’ ठेवावी. तीत तीन रकाने असावेत : बोलीतील शब्द, प्रमाण मराठीतील अर्थ, आणि त्या शब्दातून मिळणारी माहिती. एका आठवड्यास मातीचे शब्द, दुसऱ्यास पाण्याचे, पुढे गवताचे, भाताच्या वाणांचे, पावसाच्या नक्षत्रांचे असा क्रम ठेवावा. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना विचारून शब्द आणावेत. ज्या मुलाची घरची भाषा मराठीहून वेगळी आहे, त्याचे शब्द प्रथम फळ्यावर लिहावेत. नेहमी मागे बसणारे मूल त्या दिवशी वर्गाला काही शिकवील. भूगोल, विज्ञान व भाषा ह्या तिन्ही विषयांचे काम त्यातून साधेल.

दोन गोष्टींची मात्र दक्षता घ्यावी. जुने म्हणून सर्वच खरे असे मानू नये. एखादी समजूत तपासता येण्याजोगी असेल, तर मुलांकडून निरीक्षण करवून ती तपासावी. औषधी वनस्पतींचे प्रयोग मात्र मुलांना मुळीच करू देऊ नयेत. तसेच हे ज्ञान गावाचे आहे, ह्याचा विसर पडू नये. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची योजना आहे. गावाची संमती असेल तेथे शाळेची वही त्या कामास पूरक ठरेल.

गावातील एखादी वृद्ध व्यक्ती निवर्तते, तेव्हा तिच्यासवे अनेक शब्द जातात. ते विचारणारे मूल आज शाळेत आहे आणि सांगणारी माणसेही काही काळ गावात आहेत. ह्या दोघांची भेट घडवून आणणे शिक्षकाच्या हाती आहे.