पुनर्विकास, बाग आणि दुकानं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईत जुन्या सोसायटीची पुनर्विकासासाठी सभा बसली की तीन प्रश्न हमखास येतात. कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती मिळणार आणि भाडं किती? सभा बहुतेक वेळा तिथेच आटोपते. आवारात मोकळी जागा किती उरेल, कोपऱ्यावरच्या वाण्याचं काय होईल, समोरच्या प्लॉटवर विकास आराखड्यात (डीपीत) दाखवलेली बाग खरंच होणार का, हे विषय निघतात ते सभा सुटल्यावर, जिन्यात. त्यांची उत्तरंही मग ऐकीवच मिळतात. पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत चार मजल्यांच्या जागी टॉवर उभे राहताहेत. घरं वाढतात, गाड्या वाढतात, रस्ता मात्र तेवढाच राहतो. अशा वेळी इमारतीच्या पायथ्याशी काय होतं, यावर वस्तीचं रोजचं जगणं ठरतं. त्याबद्दलचे हे काही पक्के गैरसमज.

गैरसमज : एकानेही विरोध केला तर पुनर्विकास अडतो.

वस्तुस्थिती : शंभर टक्के संमतीची अट नाही. राज्य सरकारच्या 4 जुलै 2019 च्या निर्णयानुसार पुनर्विकासाच्या विशेष सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते आणि मंजुरीसाठी एकूण सभासदांच्या किमान 51 टक्क्यांची संमती. इथे ‘एकूण’ महत्त्वाचं, नुसते हजर असलेले नव्हेत. बहुमताने रीतसर ठराव झाल्यावर मूठभरांनी घर रिकामं करायला नकार दिला, तर उच्च न्यायालय सहसा त्यांची बाजू घेत नाही. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. तळमजल्यावर गाळा असलेला दुकानदार सभासद असेल, तर त्याचं मत तुमच्या मताएवढंच मोजलं जातं. त्याला वगळून केलेली आखणी पुढे अडकण्याचीच शक्यता जास्त.

गैरसमज : शेजारच्या सोसायटीला जेवढं मिळालं, तेवढं आम्हालाही मिळणारच.

वस्तुस्थिती : मुंबईत बांधकामाची मर्यादा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 नुसार उपनगरांत 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) 1 एवढाच असतो. रस्ता 9 मीटरचा झाला की प्रीमियम आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) धरून तो 2 पर्यंत जातो आणि 30 मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर अडीचपर्यंत. त्यावर फंजिबल क्षेत्र वेगळं. म्हणजे मुख्य रस्त्यावरची सोसायटी आणि तिच्या मागच्या गल्लीतली सोसायटी यांचं गणित मुळातच निराळं. गल्लीतल्यांनी मुख्य रस्त्याच्या आकड्यांवर घासाघीस केली की बिल्डर निघून जातो, नाहीतर इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेत सवलती मागतो. ती भरपाई शेवटी आवारातूनच होते.

गैरसमज : ब्रोशरमध्ये गार्डन दाखवलंय, म्हणजे बाग मिळणार.

वस्तुस्थिती : ब्रोशरमधल्या चित्राला फारसा अर्थ नसतो, खरा असतो तो मंजूर नकाशा. मुंबईच्या नियमावलीत 1,000 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर सामाईक मनोरंजनाची मोकळी जागा सोडण्याचं बंधनच नाही. त्यामुळे एकट्यादुकट्या इमारतीच्या पुनर्विकासात बहुतेकदा बाग नसतेच. 1,001 ते 2,500 चौरस मीटरपर्यंत 15 टक्के, 10,000 पर्यंत 20 टक्के आणि त्यापुढे 25 टक्के जागा सोडावी लागते. झोपडपट्टी पुनर्वसनासारख्या योजनांत यातही सूट असते.

उदाहरण घेऊ. भूखंड 1,500 चौरस मीटरचा असेल, तर मोकळी जागा 225 चौरस मीटर. तिच्यातला किमान 60 टक्के भाग, म्हणजे 135 चौरस मीटर, जमिनीवर हवा. त्याचाही निम्मा, म्हणजे साधारण 67 चौरस मीटर, फरशी किंवा स्लॅब नसलेल्या खऱ्या मातीचा हवा. उरलेला 40 टक्के भाग पोडियमवर चालतो. थोडक्यात, दीड हजार चौरस मीटरच्या भूखंडात पावसाचं पाणी मुरेल आणि झाडाचं मूळ खोल जाईल अशी हक्काची माती एका दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढी! पोडियमवरच्या कुंड्या आणि कृत्रिम गवत हा तिला पर्याय नाही. मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी आणि पोडियमवरची असलीच तर ती त्यावर जास्तीची, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये कोहिनूर प्रकरणात बजावलं होतं. पोडियमला 40 टक्क्यांची मुभा नव्या नियमावलीने दिली.

गैरसमज : डीपीत हिरवा रंग आहे, म्हणजे तिथे उद्यान होणारच.

वस्तुस्थिती : विकास आराखड्यातलं आरक्षण म्हणजे हेतू, ताबा नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 च्या कलम 127 नुसार आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत की आरक्षण संपतं आणि जागा बांधकामासाठी मोकळी होते. पालिकेने पैसे नाहीत म्हणून चालढकल केली, रहिवासी स्वस्थ बसले आणि बाग कागदावरून पुसली गेली, असंच सहसा घडतं.

नियम बदलला की काय होतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गिरणगाव. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला, असं 1991 च्या नियमात होतं. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली. गिरणीच्या आवारात रिकामी जागा ती किती असणार? उच्च न्यायालयाने 2005 मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला, पण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. लोअर परळमध्ये मॉल आणि कार्यालयं उभी राहिली. ज्या मोठ्या बागा होऊ शकल्या असत्या, त्या झाल्या नाहीत.

गैरसमज : नव्या इमारतीत खाली दुकानं नकोत, त्याने गर्दी आणि घाण वाढते.

वस्तुस्थिती : दुकानं काढली म्हणून गरज संपत नाही, ती फक्त लांब जाते. दूध, औषध, इस्त्री, झेरॉक्स, मोबाइलची काच या गोष्टी पायी मिळेनाशा झाल्या की रिक्षा आणि डिलिव्हरीच्या दुचाक्या वाढतात. शिवाय उघड्या दुकानांचा रस्ता रात्री दहापर्यंत जागा असतो. लांबच लांब कुंपणभिंत आणि पार्किंगच्या जाळ्या असलेल्या रस्त्यावर संध्याकाळी एकटं चालायला नकोसं वाटतं. त्रास होतो तो दुकानांमुळे नव्हे, तर माल उतरवायला जागा न ठेवल्यामुळे आणि समोरची मोकळी जागा शेड टाकून व्यापल्यामुळे. या दोन्ही गोष्टी नकाशातच सोडवता येतात.

दुकानदारांना सामावून घेतल्याशिवाय मोठी योजना पुढे सरकत नाही, हे भेंडीबाजारात दिसलं. तिथल्या सुमारे साडेसोळा एकरांच्या समूह पुनर्विकासात सुमारे 3,200 कुटुंबांबरोबर 1,250 दुकानंही होती. उपकरप्राप्त इमारतींच्या नियमातही पागडीच्या दुकानदाराला जेवढी जागा असेल तेवढी मिळते. फरक एवढाच, की घराला किमान 300 चौरस फूट मिळतात, दुकानाला मात्र अशी वाढ नाही. म्हणून गाळा रस्त्याकडे तोंड करून मिळणार की मागच्या बाजूला, हे दुकानदाराने आधीच लिहून घ्यावं.

गैरसमज : फेरीवाले सगळे बेकायदा, टॉवर झाले की हटवायचे.

वस्तुस्थिती : पथविक्रेता कायदा 2014 मध्ये लागू झाला. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत आधीपासून बसणाऱ्यांना हटवता येत नाही, असं तो सांगतो. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, अशीही तरतूद आहे. त्याच कायद्याने ना-फेरीवाला क्षेत्रं ठरवण्याचा अधिकारही दिला आहे. म्हणजे तक्रारीला जागा आहे, पण ‘सरसकट हटवा’ला नाही.

गैरसमज : झाड तोडलं तर दोन रोपं लावली की झालं.

वस्तुस्थिती : वृक्ष संरक्षण कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावावी लागतात. 60 वर्षांच्या पिंपळाबदली 60 झाडं. ती आवारात मावत नाहीत, म्हणून दुसरीकडे लावली जातात आणि सावली मात्र तुमच्या गल्लीतून जाते.

तेव्हा विकास करारावर सही करण्याआधी कार्पेटच्या आकड्याखाली आणखी चार ओळी वाचा. मोकळी जागा किती आणि त्यातली मातीवर किती? दुकानांची तोंडं कुठल्या रस्त्याला? कोणती झाडं राहणार? आणि मंजूर नकाशात बदल करायचा झाल्यास सोसायटीची लेखी परवानगी लागेल, अशी अट आहे का? बिल्डरच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. करारात आणि नकाशात जे नाही, ते मिळणार नाही.